सिकदार धावत आला होता का? एव्हरेस्टची एक गोष्ट आणि पुराव्याचे तीन प्रश्न

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल, तर ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. साल 1852. डेहराडूनमध्ये सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ आपल्या खोलीत बसलेत. राधानाथ सिकदार हा बंगाली गणक धावत आत येतो आणि सांगतो, साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर मला सापडलं!

गोष्ट छान आहे. आपल्या माणसाचा मान आहे, नाट्य आहे. पण संशोधनात उतरायचं ठरवलं असेल, तर आवडत्या गोष्टीलाच आधी प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. मी साधारण तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: माणूस त्या वेळी त्या जागी होता का? सिकदार 1831 साली महिना 30 रुपयांवर सर्वेक्षणात लागला आणि पुढे बरीच वर्षं डेहराडूनला होता. पण 1849 मध्ये मुख्य गणक म्हणून त्याची कलकत्त्याला बदली झाली. (‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा माणसाच्या पदाचं नाव होतं, हेही लक्षात ठेवा.) म्हणजे 1852 मध्ये डेहराडूनच्या खोलीत धावत शिरायला तो तिथे नव्हताच.

दुसरा प्रश्न: हे पहिल्यांदा कोणी आणि कधी लिहिलं? सर्वेक्षण खात्यातले सिडनी बरार्ड यांनी 1904 साली ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. कलकत्ता कार्यालयातल्या मुख्य गणकाने 1852 च्या सुमारास वॉ यांना या शिखराबद्दल कळवलं, असं त्यात आहे. धावपळ नाही, उद्गार नाही. आणि हा लेखसुद्धा घटनेनंतर 50 वर्षांनी आलेला. बाकीचा मालमसाला नंतर चढला.

तिसरा प्रश्न: ‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय झालं? नेपाळ ब्रिटिश सर्वेक्षकांना बंद होता. म्हणून 1849 च्या अखेरीस जेम्स निकोल्सन यांनी बिहारच्या मैदानातून, सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून, थिओडोलाइटने या शिखराचे कोन घेतले. अंतर शंभर मैलांच्या वर. इतक्या लांबून येणारा प्रकाश हवेत वाकतो, त्यामुळे शिखर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. ती चूक वजा करायची, पृथ्वीची वक्रता धरायची, सहा उत्तरं जुळवायची. हे काम अनेकांच्या हातून वर्षानुवर्षं चाललं. ‘पीक फिफ्टीन’ची उंची 29,002 फूट असल्याचं वॉ यांनी मार्च 1856 मध्ये कळवलं. असा शोध एका दुपारी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सिकदारचं श्रेय गेलं? इथेच खरी गंमत आहे. दंतकथा बाजूला केली की खरा सिकदार जास्त ठळक दिसतो. दोन प्रसंग बघा.

1843 मध्ये डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांकडून फुकट ओझी वाहून घेतली. सिकदारने ते सामान अडवलं. खटला झाला आणि त्याला 200 रुपये दंड झाला. महिना 30 रुपयांवर नोकरी सुरू केलेल्या माणसाला हा दंड म्हणजे काय, याचा अंदाज करा.

दुसरा प्रसंग पुस्तकाचा. स्मिथ आणि थुइलियर यांचं भारतीय सर्वेक्षणावरचं मार्गदर्शक पुस्तक 1851 साली निघालं. त्यातल्या गणिती भागासाठी सिकदारचे ऋण प्रस्तावनेत नावासह मानले होते. 1870 मध्ये सिकदार वारला. 1875 च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, पण नाव गळलं. तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रातही त्यावर टीका झाली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की श्रेय कसं पुसलं जातं, हे डोळ्यांना दिसतं. यासाठी धावत येण्याची गोष्ट लागत नाही. उलट, ती खोटी ठरली की समोरचा खऱ्या अन्यायावरही शंका घेतो. धोका तो आहे.

हेच प्रश्न शिखराच्या नावालाही लावा. स्थानिक नाव मिळत नाही, असं सांगून वॉ यांनी आधीचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. पण मिळत नाही म्हणजे कुठून विचारलं तर मिळत नाही? विचारणारा सरहद्दीच्या अलीकडे होता. काठमांडूत बरीच वर्षं राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी लगेच ‘देवधुंगा’ हे नाव पुढे केलं. तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणतच होते; 1733 च्या एका फ्रेंच नकाशावर त्याच्याशी जुळणारं नाव आहे. खुद्द एव्हरेस्ट यांनीही आपलं नाव इथल्या लोकांना उच्चारायला अवघड जाईल, अशी हरकत घेतली होती. तरी नाव टिकलं.

आकडाही प्रश्नातून सुटत नाही. 5 ऑक्टोबर 1961 च्या नेपाळ-चीन सीमा करारानंतर हद्द शिखरावरून जाते. 2005 मध्ये चीनने खडकाची उंची 8844.43 मीटर सांगितली. नेपाळ बर्फासकट 8848 मीटर धरत होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर, फक्त मोजत वेगळं होते. 8 डिसेंबर 2020 ला दोघांनी मिळून 8848.86 मीटर जाहीर केली, तीही बर्फासकट.

तेव्हा एक घरचा अभ्यास. तुमच्या विषयातली सर्वांत लाडकी गोष्ट घ्या आणि तिचा सर्वांत जुना लिखित उल्लेख शोधा. घटना आणि उल्लेख यांच्यात किती वर्षं गेली, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण बहुतेक तिथेच दडलेलं असेल.