टॉसच्या आधीचा अंक : क्रिकेट विशेषांकांचं नेमकं काय झालं?

माझा संशोधनाचा विषय सांगितला की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पंचविशीच्या आतली मंडळी विचारतात, "मराठीत क्रिकेटची मासिकं निघायची? खरंच?" आणि पंचेचाळिशीच्या पुढचे लोक माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतात, "षटकार!" या दोन उत्तरांच्या मध्ये जे घडलं, तोच माझा विषय. आज त्यातला एकच तुकडा घेते : मालिका किंवा स्पर्धा सुरू होण्याआधी निघणारा विशेषांक. कोण येतंय, कोण खेळेल, कोण जिंकेल हे आधीच सांगणारा अंक. तो का संपला?

"इंटरनेट आलं आणि संपला" हे तयार उत्तर आहे. चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं.

सुरुवात १९८३ पासून करू. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर भारताने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. त्यानंतर 'एकच षटकार' हे मराठी पाक्षिक निघालं. संपादक संदीप पाटील, कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. आता हे संपादक बघा. ॲडलेडला १७४ धावा काढलेला, १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एकाच षटकात सहा चौकार मारलेला, विश्वविजेत्या संघातला आणि वर शिवाजी पार्कचा माणूस. संझगिरी पेशाने मुंबई महापालिकेतले इंजिनीअर. म्हणजे ड्रेसिंग रूममधला एक आणि प्रेक्षकांतला एक. मराठी वाचकाला क्रिकेटची आतली गोष्ट आपल्या भाषेत, गप्पांच्या सुरात मिळू लागली, ती या जोडीमुळे.

हे एकटं नव्हतं. इंग्रजीत मुंबईहून 'स्पोर्ट्सवीक' निघायचं, कोलकात्याहून मन्सूर अली खान पतौडींच्या संपादनाखाली 'स्पोर्ट्सवर्ल्ड', चेन्नईहून १९७८ पासून 'स्पोर्टस्टार'. हिंदीत त्याच १९७८ मध्ये दिल्लीहून 'क्रिकेट सम्राट' सुरू झालं. मराठी वाचक यातलं जे हाताला लागेल ते वाचायचा. आमच्या वसई-विरार पट्ट्यात तर वाचायला वेळच वेळ. चर्चगेट ते विरार साधारण साठ किलोमीटर, जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत. स्टेशनवरच्या स्टॉलवर घेतलेला एक अंक डब्यात चार जणांच्या हातातून फिरायचा. विकलेल्या प्रतींवरून वाचकसंख्या काढू नये, हे आम्हाला संशोधन पद्धतीच्या पहिल्या तासाला शिकवतात. विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला ते शिकवायची गरज नाही.

विशेषांकात असायचं काय? सामन्यांचं वेळापत्रक, त्यापुढे निकाल पेनाने भरायला मोकळी जागा. दोन्ही संघांची ओळख. आधीच्या मालिकांचे आकडे. एखाद्या माजी खेळाडूचं भाकीत. मधल्या पानावर ब्लोअप, जो दुसऱ्या दिवशी भिंतीवर जायचा. या सगळ्याला वेळ लागायचा. मजकूर आठवडाभर आधी जायचा, मग जुळणी, छपाई, आणि गठ्ठे एजंटांमार्फत गावोगाव. म्हणजे आजचं भाकीत वाचकाच्या हातात पडेपर्यंत दहा-बारा दिवस शिळं झालेलं असायचं. तरी ते चालायचं, कारण क्रिकेटही त्याच चालीने चालायचं. १९८३ च्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ विश्वचषकाचं उट्टं काढायला भारतात आला. ऑक्टोबर ते डिसेंबर, सहा कसोटी, पाच एकदिवसीय. एवढ्या लांब दौऱ्याला दहा दिवस शिळी प्रस्तावना काही जड होत नाही. १९८७ चा रिलायन्स कप घ्या : आठ संघ, २७ सामने, महिनाभराची स्पर्धा. एक अंक घरात ठेवला की महिना निघाला.

इथे तुलनेसाठी अमेरिकेत जाऊन येऊ. बेसबॉलच्या हंगामाआधी निघणारे वार्षिक अंक तिथे जुनेच. 'स्ट्रीट अँड स्मिथ'चा अंक १९४१ पासूनचा. पण १९८० मध्ये डॅनिअल ओक्रेंट या लेखकाने मित्रांना जमवून एक खेळ सुरू केला. खऱ्या खेळाडूंचा लिलाव करून प्रत्येकाने आपापला कागदी संघ बांधायचा आणि खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवरून हंगामाअखेर विजेता ठरवायचा. ज्या न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये ते जमायचे, त्यावरून नाव पडलं 'रोटिसरी लीग'. यातूनच पुढे फॅन्टसी बेसबॉल वाढलं आणि त्यासाठी खास अंक निघू लागले : कुठल्या खेळाडूला लिलावात किती द्यायचे, कोण दुखापतीतून परततोय, कोणता नवा मुलगा चमकेल.

आता गंमत बघा. तिथे फॅन्टसीने छापील अंकाला गिऱ्हाईक मिळवून दिलं. का? कारण लिलाव वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर. पुढे प्रत्येक संघाचे १६२ सामने. म्हणजे अंक घेऊन बसायला, पेन्सिलीने खुणा करायला वेळ होता आणि कारणही होतं. पुढे इंटरनेटने तोच मजकूर रोज ताजा आणि फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे अंक उतरणीला लागले. पण त्याआधी त्यांना काही वर्षं मिळाली.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. विशेषांक आधी खचला आणि फॅन्टसी मागाहून आली, तीही थेट फोनवर. हे तीन टप्प्यांत झालं.

पहिला टप्पा : आकड्यांवरची मक्तेदारी गेली. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून वाद न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही कुणा एकाची मालकी नाही, ती सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. खासगी वाहिन्यांचं क्रिकेट घरोघर आलं. फलंदाज मैदानात उतरतानाच त्याची सरासरी पडद्यावर दिसू लागली. १९९३ मध्येच क्रिकइन्फो सुरू झालं होतं. पूर्वी हे आकडे मिळवायला अंक लागायचा, आता ते न मागता मिळू लागले. यात एक गोष्ट सहज निसटते. हे नवं भांडार इंग्रजीत होतं. मराठी वाचकाला आकडे मिळाले, पण भाषा बदलावी लागली. 'निर्धाव षटक', 'यष्टिरक्षक' हे शब्द वर्तमानपत्रांनी, आकाशवाणीवरच्या बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आणि या पाक्षिकांनी रुळवले. ते पुढच्या पिढीच्या तोंडून गळत गेले.

दुसरा टप्पा : 'आधी' हा काळच संपला. विशेषांकाला मोसमाची सुरुवात लागते. आयपीएल २००८ मध्ये आली, २०२२ पासून तिच्यात दहा संघ आणि ७४ सामने झाले. एक स्पर्धा संपायच्या आत दुसरा दौरा सुरू. प्रस्तावना लिहायची कशाची? सुट्टीच नसेल तर सुट्टीनंतरचा पहिला दिवस येणार कुठून?

तिसरा टप्पा फॅन्टसीचा. ड्रीम११ ही मुंबईची कंपनीही २००८ चीच. तिचा जो खेळ पुढे देशभर पसरला तो हंगामाचा नव्हता, एकेका सामन्याचा होता. आज संघ लावा, आज निकाल. अंतिम अकरा कळतात नाणेफेकीला, म्हणजे सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी. म्हणजे भाकिताचं आयुष्य दहा-बारा दिवसांवरून तीस मिनिटांवर आलं. जगातलं कुठलंही छापखान्याचं यंत्र या तीस मिनिटांत गठ्ठा विरारला पोहोचवू शकत नाही. म्हणून मी म्हणते की नुसतं इंटरनेट हे उत्तर पुरत नाही. खेळाचीच घडण अशी झाली की कागदाला त्यात जागा उरली नाही. अमेरिकेसारखा वर्षातून एकदा लिलाव असता तर आपल्याकडेही एखादा 'फॅन्टसी विशेषांक' दोन-चार वर्षं तरी तगला असता.

मग बिघडलं काय? भाकीत जलद मिळतंय, फुकट मिळतंय. माझ्या मते दोन गोष्टी बिघडल्या.

एक, पैसा. विशेषांक वाचून ज्याचं भाकीत चुकलं, त्याचे अंकाच्या किमतीपलीकडे काही गेलं नाही. उलट डब्यात चार दिवस चेष्टा झाली, तीही हवीहवीशी. फॅन्टसीत तोच प्रश्न, 'आज कोण चालेल?', प्रवेश शुल्काला जोडला गेला. हा कौशल्याचा खेळ की जुगार, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ज्या अंदाजाची पूर्वी फक्त गप्पांत किंमत होती, त्याचं असं व्यवहारात रूपांतर होणं हा माझ्या लेखी या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल आहे. कायद्याने खेळ थांबतो, पण ती सवय थांबते का, हे आमच्या पिढीला दिसेलच.

दोन, पुरावा. छापलेलं भाकीत मागे घेता येत नाही. अमुक जिंकेल असं लिहिलं आणि तो हरला, तरी अंक तिथेच असतो. अभ्यासकाला त्यातून कळतं की त्या काळच्या लोकांना काय शक्य वाटत होतं. हे निकालांवरून कधीच कळत नाही. आमच्या भागाचंच उदाहरण देते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत विरारच्या पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या. पहिल्या घटनेनंतर लोक त्या दोन मुलांबद्दल काय बोलत होते, हे मी कागदावर शोधू शकते. दुसऱ्या घटनेनंतरचं बोलणं कितीतरी जास्त होतं, पण ते फोनवर झालं. फोन बदलले, खाती बंद झाली, दुवे तुटले. पंचवीस वर्षांनी जवळच्या घटनेपेक्षा लांबची घटनाच अभ्यासायला सोपी जाईल, अशी चिन्हं आहेत.

'क्रिकेट सम्राट' २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलं. मराठी मात्र अनपेक्षित वाटेने परत आली : आयपीएलचं मोबाइलवर मराठी समालोचन सुरू झालं. मला ते ऐकायला आवडतं. पण ते ऐकून संपतं, माळ्यावर ठेवता येत नाही.

आणि माळ्यावरूनच शेवटची विनंती. ग्रंथालयं कथा-कवितांची मासिकं बांधून ठेवतात, क्रिकेटचं पाक्षिक बांधून ठेवावं असं सहसा कुणाला वाटत नाही. त्यामुळे माझं निम्मं साधन लोकांच्या घरात, पलंगाखालच्या खोक्यांत आणि उरलेलं रद्दीवाल्याच्या वाटेवर आहे. नालासोपारा, वसई, विरार, कुठेही तुमच्या घरी असे अंक असतील, फाटके असोत, ब्लोअप कापलेले असोत, तर दिवाळीच्या आवराआवरीत काढू नका. मला कळवा. मी पानांचे फोटो घेईन आणि अंक तुम्हाला परत देईन. वेळापत्रकाच्या रकान्यांत कुणी पेनाने निकाल भरलेले असतील, तर तो अंक मला आधी दाखवा.