अल्पमात्रेचा हिशेब

विषाची परीक्षा मात्रेवर होते, हें आपल्या वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होतें. परंतु मात्रा कमी करीत गेल्यास विष कोठें तरी निर्विष होतें, कीं शेवटच्या कणापर्यंत तें विषच राहतें, हा प्रश्न किरणोत्सर्गानें विसाव्या शतकांत नव्यानें उभा केला. छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादकडे जातांना पडेगाव लागतें. तेथील एखाद्या घरीं डॉक्टरांनीं सी. टी. स्कॅन सांगितला, म्हणजे ‘यानें पुढें कर्करोग तर होणार नाहीं ना?’ अशी जी शंका निघते, ती याच प्रश्नाची घरगुती आवृत्ति होय. तिचें उत्तर शोधण्यांत सव्वाशें वर्षें कशीं गेलीं, हें पाहणें उद्बोधक आहे.

राँटगेन यांनीं १८९५ मध्यें क्ष-किरण शोधून काढले, तेव्हां लोकांस प्रथम केवळ कौतुक वाटलें. यंत्र नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वैद्य स्वतःचाच हात किरणांपुढें धरीत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात याच कामांत जळाले, कापावे लागले, आणि १९०४ मध्यें ते कर्करोगानें वारले. मात्रा मोठी असली म्हणजे कार्यकारणभाव कोणासही दिसतो. त्यावरून तज्ज्ञांनीं असा समज करून घेतला कीं, जिच्यानें अपाय दिसत नाहीं ती मात्रा निरुपद्रवी होय. १९३४ मध्यें आंतरराष्ट्रीय समितीनें कामगारासाठीं दररोज ०.२ राँटगेन ही ‘सह्य मात्रा’ ठरविली. आजच्या मापानें ती स्थूलमानानें २ मिलिसीव्हर्ट होते. आज त्याच कामगारास पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे तेव्हांचा दहा दिवसांचा शिधा आज वर्षभर पुरवावयाचा!

हा पालट एकाएकीं झाला नाहीं. क्ष-किरणांनीं आनुवंशिक द्रव्यांत बदल होतात, हें मुलर यांनीं १९२७ मध्यें फळमाशीवर दाखविलें. पुढें हिरोशिमा व नागासाकी येथील सुमारें १ लाख २० हजार माणसांची पाहणी १९५० पासून सुरू झाली. तींत मात्रा वाढेल तसा कर्करोगही वाढत गेलेला आढळला. १९५६ मध्यें ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनीं गर्भवतीचें क्ष-किरण-चित्र आणि मुलाचा कर्करोग यांचा संबंध पुढें मांडला. तो मान्य होण्यास पुष्कळ काळ जावा लागला. कारण उघड आहे. कर्करोगाच्या गांठीवर तिच्या जनकाचें नांव लिहिलेलें नसतें. एका रुग्णाच्या खाटेजवळ बसून ‘हा किरणांचा, हा तंबाखूचा’ असा निवाडा करतां येत नाहीं. निवाडा होतो तो हजारों माणसांच्या मोजणीनें.

या मोजणीची दृष्टि आपल्याकडेही आली होती. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ मध्यें कर्करोग व लोकांच्या संवयी यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या नित्य घर्षणानें होणारा त्वचेचा कर्करोग त्यांत वर्णिला आहे. रोजची क्षुल्लक गोष्ट वर्षानुवर्षें सांचली कीं क्षुल्लक राहत नाहीं, हा त्याचा मथितार्थ. १९६३ मध्यें मुंबईस कर्करोग-नोंदणी सुरू झाली, आणि तिचीच शाखा १९७८ मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेस निघाली.

परंतु अल्पमात्रेची परीक्षा पाहण्यास आपली भूमि सोयीची नाहीं. पडेगावच्या पायाखालचा काळा पाषाण युरेनियम-थोरियमांनीं दरिद्री आहे. ती परीक्षा केरळच्या किनाऱ्यावर निसर्गानेंच मांडून ठेविली होती. तेथून परदेशीं जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञास १९०९ मध्यें मोनाझाइट सांपडलें. त्यांतील थोरियमामुळें ती वाळूच किरण सोडते. भरतवाल व वझे यांनीं तेथील मात्रेचीं मोजमापें १९५८ च्या जिनीव्हा परिषदेंत मांडलीं. पुढें करुनागपल्ली तालुक्यांतील ६९,९५८ माणसांवर सरासरी साडेदहा वर्षें नजर ठेवून २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कर्करोग झालेले १,३७९, आणि मात्रेबरोबर रोग वाढल्याचें आढळलें नाहीं.

हें वाचून निर्धास्त व्हावें काय? २०२३ मध्यें फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील ३,०९,९३२ अणुकामगारांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत घन अर्बुदांचे मृत्यु दर ग्रेमागें ५२ टक्क्यांनीं वाढलेले दिसले. म्हणजे १० मिलिग्रे मात्रेस सुमारें अर्धा टक्का. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, पण तसे ते पूर्णपणें नाहींत. करुनागपल्लीचा अंदाज दर ग्रेमागें उणे ०.५८ पासून अधिक ०.४६ पर्यंत पसरलेला आहे, कामगारांचा ०.२७ पासून ०.७७ पर्यंत. दोघांचा कांहीं भाग सामाईक आहे. ‘आढळलें नाहीं’ आणि ‘नाहींच’ या दोन विधानांत जें अंतर आहे, तें विसरणाराच येथें फसतो.

आतां घरच्या शंकेकडे वळूं. निसर्गापासून माणसास जगाच्या सरासरीनें वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, शरीराच्या सी. टी. स्कॅनचे साधारणतः ५ ते १० होतात. अमेरिकन राष्ट्रीय अकादमीच्या २००६ च्या अहवालाचा हिशेब १० मिलिसीव्हर्टला लावला, तर हजार माणसांत सुमारें ४२० जणांस कर्करोग एरवींही व्हावयाचा असतो. किरणांमुळें त्यांत एकाची भर पडेल. मुलांस धोका अधिक. एवढ्या भीतीनें आवश्यक तपासणी टाळून पोटांतली गांठ वाढूं देणें हा अविचार. आणि ‘एकाचीच तर भर’ म्हणून उगाच दोनदां-तीनदां स्कॅन करविणें हाही अविचारच. जुनीं चित्रें जपून ठेवावींत आणि नवें सांगितलें गेल्यास त्याची गरज डॉक्टरांस निःसंकोच विचारावी.

तो हजारांतला एक कोण, हें कोणतेंही शास्त्र आगाऊ सांगूं शकत नाहीं. पण तो आहे, एवढें कळलें तें नोंदवहींत एकेक रुग्ण निमूटपणें टिपून ठेवणाऱ्यांमुळें. भय आणि बेफिकिरी यांच्यामधली जी चिंचोळी वाट, ती त्यांच्याच हिशेबानें आपणांस दिसूं लागली आहे.