कॅलरी-आवर्तन

कॅलरी-आवर्तन : वजन उतरवण्याच्या काळात रोज सारखा आहार न घेता काही दिवस कमी व काही दिवस जास्त उष्मांक घेण्याची पद्धत. आठवड्याची, क्वचित महिन्याची, बेरीज ठरलेली असते. ती दिवसांत कशी वाटायची एवढेच बदलते. व्यायामशाळांत हिला कॅलरी सायकलिंग किंवा झिगझॅग डाएट म्हणतात. ५:२ आहार, एक दिवसाआड उपास, अधूनमधून पोटभर खाण्याचा ‘रिफीड’ आणि आठवडा-दोन आठवड्यांचा ‘डाएट ब्रेक’ ही तिचीच रूपे. दिवसातून दोनदाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत किंवा सोळा तासांचा उपास मात्र या नोंदीत येत नाही. तिथे जेवणाच्या वेळांवर बंधन असते आणि ते रोज सारखेच असते.

हिशेब : चाळीस वर्षांची, १५८ सेंमी. उंचीची, ७० किलो वजनाची, बैठे काम करणारी स्त्री उदाहरणादाखल घेऊ. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्रानुसार तिच्या शरीराला नुसत्या विश्रांतीत दिवसाला सुमारे १,३२५ उष्मांक (किलोकॅलरी) लागतात. घरकाम, चालणे, नोकरी धरून एकूण खर्च १,८५० च्या आसपास जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी १,६६० आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २,११० उष्मांक धरले आहेत. त्याच्याशी हा अंदाज मिळताजुळता आहे.

या बाईंनी रोज १,४५० घ्यायचे ठरवले तर आठवड्याचा कोटा १०,१५० आणि तूट २,८००. हाच कोटा सोमवार ते गुरुवार १,२५०, शुक्रवारी १,४५० आणि शनिवार-रविवारी १,८५० असा वाटला तरी बेरीज बदलत नाही. ५:२ पद्धतीने दोन दिवस ५०० वर काढले, तर उरलेल्या पाच दिवसांना प्रत्येकी १,८३० येतात, म्हणजे जवळजवळ नेहमीचे जेवण. कागदावर तिन्ही वाटण्यांत महिन्याला दीड किलोच्या आसपास चरबी उतरायला हवी.

‘कागदावर’ म्हणण्याचे कारण असे की, एका पौंडामागे ३,५०० उष्मांक (किलोमागे सुमारे ७,७००) हा सगळीकडे फिरणारा आकडा अमेरिकन डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडला आणि तो लांबच्या मुदतीला लागू पडत नाही. वजन उतरले की शरीराचा खर्चही उतरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे गणिती प्रतिमानाने दाखवले. त्यामुळे पहिल्या महिन्याचा वेग सहाव्या महिन्यात टिकत नाही. वाटणी कोणतीही असो.

प्रसार : अन्नातील उष्मांक मोजण्याचा पाया अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला. सामान्य माणसाने कॅलरी मोजून जेवावे ही कल्पना लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंच्या १९१८ मधील पुस्तकाने घरोघर नेली. पुढची अनेक दशके आहारतक्ते रोजच्या एकाच आकड्यावर बेतलेले राहिले. चढउतार हा प्रकार शरीरसौष्ठवपटूंच्या वर्तुळापुरता होता. तो सर्वतोमुखी झाला ऑगस्ट २०१२ मध्ये, बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेतील मायकेल मोस्ली यांच्या कार्यक्रमानंतर. पुढच्याच वर्षी मोस्ली व मिमी स्पेन्सर यांचे ‘द फास्ट डाएट’ हे पुस्तक आले आणि आठवड्यातून दोन दिवस स्त्रियांनी ५००, पुरुषांनी ६०० उष्मांकांवर राहण्याचा नियम जगभर पोचला.

प्रयोगांचा कौल : मोस्लींच्या आधीच मँचेस्टरमध्ये मिशेल हार्वी आणि सहकारी स्तनकर्करोग-प्रतिबंधाच्या कामातून या प्रश्नाकडे वळले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जास्त वजनाच्या १०७ स्त्रियांपैकी काहींनी आठवड्यातले दोन दिवस कडक आहार घेतला, काहींनी रोज थोडे कमी खाल्ले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची वजने जवळपास सारखीच उतरली होती.

शिकागोत क्रिस्टा वाराडी यांच्या गटाने १०० जणांवर वर्षभर केलेला प्रयोग (२०१७) अधिक बोलका आहे. एक दिवस गरजेच्या २५ टक्के, दुसऱ्या दिवशी १२५ टक्के, असा तो आहार. वजनघट रोज कमी खाणाऱ्यांइतकीच झाली, पण अर्ध्यावर सोडून जाणारे या गटात जास्त निघाले : ३८ टक्के, रोज मोजून खाणाऱ्यांत २९ टक्के. जे टिकले त्यांच्या नोंदी तपासल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. उपासाच्या दिवशी ते ठरल्यापेक्षा जास्त खात होते आणि भरपेट दिवशी ठरल्यापेक्षा कमी. चढउताराचा तक्ता हातात असताना ते नकळत रोज सारखेच खाण्याकडे सरकले होते.

याच्या उलट निकालही आहेत आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२५ मधील प्रयोगात १६५ जण होते. आठवड्यातील सलग नसलेल्या तीन दिवशी ८० टक्के कपात करणाऱ्यांचे वजन वर्षअखेर सरासरी ७.६ टक्के घटले, रोज कपात करणाऱ्यांचे ५ टक्के. आठवड्याची कपात दोन्हीकडे सारखीच सांगितली होती. पहिल्या गटाने ती अधिक पाळली आणि त्यातून गळालेही कमी जण. फरक पाळण्यातून आला असे मानायला त्यामुळे जागा आहे.

ऑस्ट्रेलियातील ‘मॅटाडोर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगाचा दाखला या पद्धतीचे समर्थक हमखास देतात. न्युआला बर्न आणि सहकाऱ्यांनी ५१ स्थूल पुरुषांपैकी अर्ध्यांना सलग सोळा आठवडे कमी आहार दिला; उरलेल्यांना दोन आठवडे कपात, दोन आठवडे वजन स्थिर ठेवणारे जेवण, अशा आळीपाळीने. आळीपाळीच्या गटाचे वजन सरासरी १४.१ किलो घटले, सलग गटाचे ९.१. आकडे डोळ्यांत भरतात खरे. पण पहिल्या गटाला त्यासाठी तीस आठवडे लागले, ही गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. शिवाय २०२१ मध्ये वजने उचलणाऱ्या ६१ स्त्री-पुरुषांवर झालेल्या ‘आइसकॅप’ प्रयोगात तीन आठवड्यांनंतर एक आठवडा विश्रांती देऊनही चरबी जास्त घटली नाही. रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांचा २००३ चा प्रयोग इथे आठवणीने नोंदवायला हवा. मुद्दाम सुट्टी दिली की माणसे आहार सोडून देतील आणि वजन पुन्हा वाढेल, अशी त्यांची अटकळ होती. तसे झाले नाही. सुट्टी घेणारे परत आले आणि शेवटी त्यांचे वजन इतरांइतकेच उतरले.

चयापचयाला चकवा : ‘रोज वेगवेगळे खाल्ले की शरीर गोंधळते आणि चयापचय मंदावत नाही’ हा या पद्धतीचा सर्वांत खपणारा दावा. त्यात तथ्याचा अंश आहे, पण फार छोटा. दीर्घ उपासमारीत चयापचय मंदावतो हे अ‍ॅन्सेल कीझ यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुण स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगातून दिसले. सहा महिने सुमारे १,५७० उष्मांकांवर ठेवल्यावर त्यांचे वजन पावपट घटले आणि मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. त्यातला मोठा भाग मात्र देहच लहान झाल्याचा परिणाम होता.

भरपेट दिवसाने लेप्टिन हे भुकेवर अंकुश ठेवणारे संप्रेरक वाढते, हेही खरे. २००० सालच्या एका अभ्यासात सडपातळ स्त्रियांना तीन दिवस पिष्टमय पदार्थ जादा खाऊ घातल्यावर लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि दिवसाचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढला. पण हा वाढलेला खर्च जादा खाल्लेल्याच्या तुलनेत किरकोळ असतो. एकाच दिवसाच्या पोटभर जेवणाने आठवड्याचा चयापचय उजळतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तसेच एक दिवस कमी खाल्ल्याने तो बंद पडतो, ही भीतीही निराधार आहे.

वजनकाट्यावरचा गोंधळ : या पद्धतीत काटा रोज वेगळी गोष्ट सांगतो. यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकते. भरपेट दिवसाच्या मिठाने त्यात भर पडते. रविवारी पुरणपोळी झाली की सोमवारी काटा किलो-सव्वा किलो पुढे जातो आणि बुधवारपर्यंत उतरतो. खरोखर किलोभर चरबी वाढायला खर्चापेक्षा ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतील, आणि एका दिवसात ते भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून आवर्तन करणाऱ्याने रोजच्या आकड्यावर हर्ष-खेद न करता आठवड्याची सरासरी पाहावी, किंवा दर आठवड्याला त्याच वारी सकाळी वजन करावे.

मराठी घरातला उपास : महाराष्ट्रात आठवड्यातून एखादा दिवस कमी खाण्याची सवय जुनीच आहे. संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार यांची गणती केली तर अनेक घरांत ५:२ चा सांगाडा आयताच मिळतो. अडचण ताटाची आहे. साठ ग्रॅम साबुदाणा (२१० उष्मांक), मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्याचे कूट (१७०), दोन चमचे तूप (९०) आणि अर्धा बटाटा एवढ्यानेच खिचडीची एक बशी पाचशेच्या घरात जाते. ५:२ च्या स्त्रीचा दिवसाचा कोटा सकाळी दहालाच संपला. वर केळे, राजगिऱ्याचा लाडू आणि दोन कप साखरेचा चहा आला की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण अक्षरशः खरी ठरते. तेवढ्याच उष्मांकांत ज्वारीच्या दोन भाकऱ्या, चमचाभर तेलातली मेथी आणि वाटीभर पातळ ताक बसते, आणि पोटही जास्त वेळ भरलेले राहते. उपवासाला भाकरी चालत नाही, हे खरे. तेव्हा धार्मिक उपास आणि उष्मांकांचा उपास वेगवेगळ्या दिवशी ठेवणे उत्तम. कमी आहाराच्या दिवशी कात्री तेल, साखर आणि पिठूळ पदार्थांना लावावी; डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांना नव्हे, कारण प्रथिने तुटली की चरबीबरोबर स्नायूही जातात.

कुठे फसते : सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की कमी आहार घेणाऱ्यांचे वजन कामाच्या दिवसांत घटते आणि शनिवार-रविवारी थबकते. वरच्या उदाहरणातील बाई रविवारी लग्नाच्या पंगतीत १,८५० ऐवजी २,८०० उष्मांक जेवल्या, तर आठवड्याच्या तुटीचा एक तृतीयांश तिथेच संपला. त्यात माणूस खाल्लेले कमी मोजतो. न्यूयॉर्कच्या स्टीव्हन लिक्टमन यांच्या १९९२ च्या अभ्यासात ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवला होता. कमी दिवसांची मोजणी काटेकोर आणि जास्त दिवसांची अंदाजपंचे, अशी ‘चीट डे’वाल्यांची रीत असते, ते नुसते नाव बदललेले बेताल खाणे होय. लग्नसराई, पाळ्यांची नोकरी, आठवड्यातले ठरावीक व्यायामाचे दिवस यांभोवती आहार बसवायचा असेल तर आवर्तन सोयीचे पडते. ज्यांना रोज तेच ताट निमूट जेवता येते, त्यांना त्याची काही गरज नाही.

गर्भवती व स्तनदा स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, तसेच उपाशी राहणे आणि मग अनावर खाणे असा त्रास पूर्वी झालेल्या व्यक्ती यांनी ही पद्धत वापरू नये. मधुमेह असलेल्यांना ती निषिद्ध नाही : ॲडलेडमध्ये १३७ मधुमेहींवर वर्षभर झालेल्या प्रयोगात (२०१८) ५:२ आहाराने रक्तशर्करेवरचे नियंत्रण रोजच्या कपातीइतकेच राहिले. मात्र तिथे औषधांचे डोस आधी बदलले होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना डोस तोच ठेवून पाचशे उष्मांकांवर दिवस काढल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांनी पहिला कमी आहाराचा दिवस डॉक्टरांशी बोलून, डोस ठरवून घेतल्यावरच करावा.