वऱ्हाडातील सूक्ष्मवित्त

वऱ्हाडातील सूक्ष्मवित्त म्हणजे प्रामुख्याने अमरावती व अकोला जिल्ह्यांतील छोटे व्यावसायिक, फेरीवाले, कारागीर आणि भूमिहीन कुटुंबे यांना तारणाशिवाय मिळणाऱ्या लहान कर्जांची व्यवस्था होय. महिला बचत गट, भिशी, सहकारी पतसंस्था, सूक्ष्मवित्त कंपन्या आणि शासकीय योजना हे तिचे मुख्य घटक आहेत.

पार्श्वभूमी

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. कापूस हे नगदी पीक असल्याने पेरणी ते विक्री या काळातील खर्चासाठी उसनवारी आवश्यक ठरली व सावकारी विस्तारली. १९०४ च्या सहकारी पतपेढी कायद्याने पर्यायी पतपुरवठ्याला आरंभ झाला. मात्र सहकारी पीककर्ज जमीनधारकाला मिळते. शिवणकाम, पापड-शेवया, शेळीपालन, भाजीविक्री किंवा अकोटच्या सतरंज्यांसारख्या हस्तव्यवसायांतील कुटुंबे दीर्घकाळ या व्यवस्थेबाहेर राहिली.

बचत गटांविषयीच्या मराठी लेखनात १९४७ साली अमरावती जिल्ह्यातील काही महिलांनी २५ पैसे वर्गणी काढून गट सुरू केल्याचा उल्लेख वारंवार येतो. दशमान नाणी १९५७ पासून चलनात आल्यामुळे हा उल्लेख चार आण्यांचा समजावा लागतो.

बचत गटांची कार्यपद्धती

नाबार्डने १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. त्यातून आजची गट-बँक जोडणी विकसित झाली. गटात साधारणतः १० ते २० सदस्य असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही ‘पंचसूत्री’ पाळणारा गट सुमारे सहा महिन्यांनंतर बँक कर्जासाठी पात्र ठरतो. गटांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही.

गट आणि सावकारी यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. १०,००० रुपयांचे कर्ज दरमहा शेकडा २ या दराने शिल्लक मुद्दलावर घेतले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडले, तर दहा महिन्यांत एकूण व्याज १,१०० रुपये होते व ते गटाच्याच निधीत जमा होते. दरमहा शेकडा ५ या दराने मूळ रकमेवर आकारणी झाल्यास त्याच काळात ५,००० रुपये व्याज द्यावे लागते.

भिशीत सदस्य दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात आणि ती चिठ्ठी काढून किंवा बोलीने एकेका सदस्याला दिली जाते. ही पद्धत परस्पर विश्वासावर चालते. आधी रक्कम उचललेल्या सदस्याने हप्ते थांबविल्यास इतरांचे नुकसान होते.

संस्था व योजना

२४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) बचत गटांची बांधणी करते. त्याच्या लोकसंचालित साधन केंद्रांतून गटांना प्रशिक्षण व बँक जोडणी मिळते. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियान हेच कार्य करते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने जुलै २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पुढे याच जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने ‘केम’ प्रकल्प राबविण्यात आला. त्यात महिलांच्या सूक्ष्म उद्योगांचाही समावेश होता.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. जून २०२० मधील स्वनिधी योजनेने शहरी पथविक्रेत्यांना प्रारंभी १०,००० रुपयांचे खेळते भांडवल उपलब्ध केले.

कायदेशीर नियंत्रण

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना सावकारी करणे हा गुन्हा आहे. सावकाराने बेकायदा बळकावलेली मालमत्ता परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावेत आणि मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारू नये, असे बंधन आहे. मात्र व्याजदराची कमाल मर्यादा याच निर्देशांनी काढून टाकली.

ऑनलाइन मंचावरून एका व्यक्तीने दुसरीला थेट कर्ज देण्याच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम केले. एक धनको एका ऋणकोला सर्व मंच मिळून जास्तीत जास्त ५०,००० रुपये देऊ शकतो. मुदत ३६ महिन्यांपेक्षा अधिक नसते, आणि बुडालेल्या कर्जाची जोखीम धनकोवरच राहते.

अडचणी व टीका

सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या संयुक्त जबाबदारी गटात एका सदस्याचा हप्ता थकल्यास इतरांवर दबाव येतो. या दबावामुळे वसुली सुलभ होते, परंतु आजारपण किंवा नापिकीच्या काळात शेजारसंबंध दुरावतात. एकाच महिलेने अनेक कंपन्यांकडून कर्ज घेऊन जुने हप्ते फेडणे ही दुसरी गंभीर समस्या होय. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर रोख उत्पन्न खंडित झाल्याने विदर्भात परतफेड मोठ्या प्रमाणावर थांबली आणि कर्जमाफीसाठी महिलांचे मोर्चे निघाले.

साप्ताहिक हप्ता आणि हंगामी उत्पन्न यांचा मेळ बसत नाही, हे वऱ्हाडातील मूलभूत दुखणे आहे. मजुरी व गावातील खरेदी-विक्री कापूस-सोयाबीनच्या हंगामावर अवलंबून असल्याने, शेती नसलेल्या दुकानदाराचा हप्ताही अखेर पावसाशी जोडलेला राहतो.