समजून घ्या : कापसाचा हमीभाव अन् डब्ल्यूटीओची १० टक्क्यांची मर्यादा

बोरी (ता. जिंतूर) : कापसाचे भाव पडले की पारावर एकच बोलणं असतं, 'हे सगळं डब्ल्यूटीओमुळं.' त्यात खरं किती, ते पाहू.

नियम काय? : जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. संशोधन किंवा पिकाशी न जोडलेली थेट मदत यांना मर्यादा नाही. गरीब शेतकऱ्यांच्या खत, वीज, पाण्यावरील अनुदानाला विकसनशील देशांत सूट आहे. हमीभावावर बंदी नाही, पण त्यातून दिलेला आधार त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांत बसवावा लागतो. श्रीमंत देशांना ही मर्यादा ५ टक्के. मात्र जुनं अनुदान दाखवून त्यांनी जादा कोटा पदरात पाडून घेतला. एकट्या अमेरिकेचा कोटा १९.१ अब्ज डॉलर.

मेख कुठं? : हमीभाव ताडला जातो तो १९८६-८८ च्या भावाशी. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल आहे. खत, मजुरी, वेचणी वाढली; तुलनेचा आकडा तिथंच राहिला. त्यामुळं शेतकऱ्याच्या हातात काही उरलं नाही तरी कागदावर आधार मोठा दिसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं भारताचा कापसावरील आधार ५३ ते ८१ टक्के असल्याचा दावा केला. अशा हिशेबात सगळं उत्पादन धरायचं की फक्त सरकारी खरेदी, हा मुख्य वाद असतो. २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेलं संरक्षण अन्नधान्य साठ्याला आहे, कापसाला नाही.

श्रीमंतांनाही चाप : अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलनं २००२ मध्ये तक्रार केली अन् जिंकली. २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेनं ३० कोटी डॉलर दिले.

दिल्लीचे निर्णय कोणते? : कापूस आयातीवर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ ते माफ झालं. हा निर्णय केंद्राचा. १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस सीसीआय घेत नाही, ती अटही डब्ल्यूटीओची नाही. म्हणून निवेदन देताना मागणी वेगवेगळी लिहावी : शुल्क अन् खरेदीची मागणी केंद्राकडं; १९८६-८८ चा आकडा बदलण्याची मागणी केंद्रानं डब्ल्यूटीओत लावून धरावी.