बोटांखालची ओळ

संगणक बोलू लागला तेव्हा अंधांच्या वाचनाचा प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले. तो सुटला नव्हता. ऐकणे निराळे आणि वाचणे निराळे. शब्दातील ऱ्हस्वदीर्घ, समीकरणातील कंस, परक्या नावाची अक्षरे ही कानापेक्षा बोटाला अधिक नेमकी कळतात. आणि ज्याला दिसत नाही व ऐकूही येत नाही, त्याला बोलक्या यंत्राचा उपयोग तो काय?

१८२४ साली पॅरिसच्या अंधशाळेतील १५ वर्षांच्या लुई ब्रेलने, बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याच्या १२ टिंबांच्या लिपीवरून ६ टिंबांची लिपी सिद्ध केली. एक अक्षर बोटाच्या एका टोकाखाली मावते, हे तिचे मर्म. भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल आली आणि मराठी, बंगाली व तमिळ यांचा ‘क’ त्याच दोन टिंबांनी लिहिला जाऊ लागला. लिपीचे भांडण असे मिटले. कागदाचे ओझे मात्र राहिले. टिंबांचा उठाव टिकण्यासाठी कागद जाड लागतो, आणि डोळसांचा एक शब्दकोश ब्रेलमध्ये कपाट भरून टाकतो.

१९७० नंतरच्या दशकात युरोपात कागदावाचून ब्रेल साकारले. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारी सिरॅमिकची पट्टी घ्यावयाची आणि तिच्या टोकावर एक बारीक खिळा उभा करावयाचा. पट्टी वाकली की खिळा वर येतो, तेच टिंब. पडद्यावरील ओळ बदलली की बोटांखालची ओळही बदलते. युक्ती सुंदर, परंतु महाग. संगणकासाठी अक्षरामागे ८ टिंबे धरली, तर ४० अक्षरांच्या ओळीला ३२० पट्ट्या लागतात. शिवाय त्या आडव्या पसरत असल्याने एका ओळीखाली दुसरी बसविणे कठीण. गिऱ्हाईक थोडे म्हणून किंमत चढी, आणि किंमत चढी म्हणून गिऱ्हाईक थोडे! अशा यंत्राला २,००० डॉलरांहून अधिक पडत. संपन्न देशांत तो भार बहुधा शासन वा विमासंस्था उचलीत. इतरत्र तो उचलणारे कोणी नव्हते.

२०१३ च्या माराकेश कराराने अंधांसाठी ग्रंथांच्या सुलभ प्रती काढण्यातील स्वामित्वहक्काचा अडसर दूर केला. २०१४ मध्ये त्याला प्रथम अनुसमर्थन दिले ते भारताने. ग्रंथ मोकळे झाले, पण यंत्र आवाक्याबाहेरच होते. ब्रिटन, अमेरिका आदी देशांतील अंधसंस्थांनी मग स्वतःच पैसा एकत्र केला आणि खरेदीची हमी देऊन २० अक्षरांचे ‘ऑर्बिट रीडर’ करवून घेतले. अमेरिकेत ते २०१८ मध्ये ४४९ डॉलरांना मिळू लागले. त्याची टिंबे सावकाश उठतात व आवाजही करतात. तथापि निम्म्याहून कमी किमतीत ही उणीव सोसण्याजोगी होती. शोधकाच्या प्रतिभेइतकेच येथे गिऱ्हाइकांच्या एकजुटीने काम केले, हे विसरता येत नाही.

दिल्लीच्या आय.आय.टी.ने वेगळी वाट धरली. तापविली असता आखडणाऱ्या, पूर्वीचा आकार ‘स्मरणाऱ्या’ मिश्रधातूच्या तारेने टिंब उचलावयाचे, ही तेथील कल्पना. सक्षम ट्रस्ट आदींच्या साहाय्याने तयार झालेले ‘डॉटबुक’ २०१९ मध्ये बाहेर आले. २० अक्षरांच्या यंत्राची किंमत सुमारे ४०,००० रुपये होती. परदेशी यंत्रांच्या मानाने ती कमी, पण खेड्यातील विद्यार्थ्याच्या घरी हा आकडा लहान नव्हे.

शिवाय ही दोन्ही यंत्रे एकच ओळ दाखवितात. गणिताची उभी मांडणी, कोष्टकाचे रकाने बोटांना एकदम पाहता येत नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेत १० ओळींचे ‘मोनार्क’ वापरात आले, तेव्हा तेही साधले. मात्र त्याची किंमत पुन्हा हजारो डॉलरांत गेली.