वारली आदिवासींचा उठाव (१९४५–४७)

तत्कालीन ठाणे (आता मुख्यतः पालघर) जिल्ह्यातील उंबरगाव, डहाणू, पालघर या तालुक्यांत वारली आदिवासींनी जमीनदार, सावकार व जंगल ठेकेदार यांच्याविरुद्ध दिलेला लढा. किसान सभेच्या लाल बावट्याखाली तो झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्याचे प्रमुख संघटक.

पार्श्वभूमी : कर्जापायी वारल्यांच्या जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या आणि मूळचे धनी आपल्याच शेतात कूळ झाले. खंड भरूनही वेठ चुकत नसे. आधी मालकाची लावणी, मग स्वतःची. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढायची, ती सुगीला वाढीव मापाने फेडायची. सर्वांत अमानुष रीत लग्नगडीची. लग्नासाठी थोडे पैसे घेतलेला वारली सावकाराचा गडी होई. बायकोलाही त्याच घरी राबावे लागे. मिळे ते पोटापुरते धान्य. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ती वही गड्याला वाचता येत नसे. मरेपर्यंत कर्ज फिटत नसे. सायमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात (१९३९) ही प्रथा व वारली स्त्रियांवरील अत्याचार नोंदले आहेत. अहवाल निघाला, वेठ चालूच राहिली.

उठाव : जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे माह्या धांगडा या वारल्याने व्यासपीठावरून आपल्या लोकांची हकीकत सांगितली. २३ मे रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारली जमले. वेठ करायची नाही, रोजी १२ आणे रोख मिळाल्याखेरीज मालकाच्या शेतावर जायचे नाही, असे ठरले. त्यानंतर वारली गावोगाव गेले आणि त्यांनी लग्नगडी सोडवले. उठावाचे खरे मोल येथे आहे. मजुरीचे लढे त्यातूनच उभे राहिले.

त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. ५०० पौंडांना अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. जमाव का जमला, याविषयी सरकारची व किसान सभेची कथने जुळत नाहीत.

१९४६ मध्ये जंगलकामाचा संप होऊन रोजी सव्वा रुपया मजुरीची मागणी पुढे आली. पुढाऱ्यांना जिल्हाबंदी झाली. जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला.

साधने : गोदावरी परुळेकर यांचे जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) हे मुख्य साधन. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ग्रंथ कार्यकर्तीचा आहे, तरी लग्नगड्यांच्या जिण्याचे इतके जवळून केलेले वर्णन मराठीत दुसरे नाही.

वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला. झरीचा ठराव त्याच्या ३१ वर्षे आधीचा आहे.